चौथा डबा

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 41, सातपूरला नोकरी, घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. चार वर्षांपासून त्या धावतात. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या गोठ्यात दूध पिणाऱ्या वासराला ओढून बाजूला बांधताना पाहिलं आणि त्या दिवसापासून दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं. डिसेंबरमध्ये त्यांनी शनिवारी नाशिकमध्ये 10 किलोमीटर आणि रविवारी पुण्यात हाफ मॅरेथॉन अशा लागोपाठ दोन शर्यती केल्या. शनिवार झकास गेला. रविवारी पंधराव्या किलोमीटरनंतर पाय उचलेनात, शेवटचे सहा किलोमीटर चालत काढावे लागले. तेव्हापासून धावण्याच्या ग्रुपमध्ये आणि घरातही एकच ऐकू येतं: दूध सोडलंस, मग दुसरं काय होणार! फेब्रुवारीत पुन्हा अशाच दोन शर्यती आहेत, पैसे भरून झाले आहेत. शिवाय स्वतःपुरतं वेगळं रांधायला वेळ नाही म्हणून त्या हल्ली 'गरम पाणी ओता आणि खा' छापाच्या पाकिटांवर भागवतात आणि त्याची त्यांना लाज वाटते. त्या विचारतात, "मी पुन्हा दूध सुरू करू, की या दोन-दोन शर्यतींचा नाद सोडू? तत्त्वाच्या गोष्टी करायच्या आणि पाकिटातलं खायचं, हा ढोंगीपणा नाही का?"

ताई,

तुम्ही पत्राला एक कागद जोडला आहे. त्या शनिवार-रविवारी काय काय खाल्लं, ते वेळेसकट लिहिलं आहे. पत्र दोनदा वाचलं, तो कागद मात्र चार-पाच वेळा वाचला. तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी तो इथे मांडते.

शनिवारी पहाटे अर्धं केळं. शर्यतीनंतर एक केळं आणि काळी कॉफी, कारण नाश्त्याच्या खोक्यात बटर लावलेलं सँडविच आणि दुधाची बाटली होती. मग घरी येऊन सगळ्यांचा स्वयंपाक. दोन वाजता तुम्ही जेवलात, दोन भाकरी आणि मेथीची भाजी. साडेतीनला गाडी पुण्याच्या वाटेला लागली. संगमनेरच्या पुढे ढाब्यावर बाकीच्यांनी पनीर मागवलं, तुम्ही दोन कोरड्या रोट्या आणि कांदा-काकडी. रात्री हॉटेलवर एक सफरचंद. रविवारी पहाटे काहीच नाही, "पोट हलकं राहावं म्हणून".

सढळ हाताने हिशेब केला, तरी शनिवारी दिवसभरात तुमच्या पोटात 200 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं गेली. तुमचं वजन 55 किलो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि अमेरिका-कॅनडातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2016 मध्ये एक संयुक्त निवेदन काढलं होतं. रोज एक ते तीन तास कसून व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे 6 ते 10 ग्रॅम कर्बोदकं लागतात, असं त्यात म्हटलं आहे. सगळ्यात खालचा आकडा धरला तरी तुम्हाला 330 ग्रॅम हवी होती. आदल्या दिवशी शर्यत, दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी शर्यत, आणि मधल्या जेवणांत निदान 130 ग्रॅमची तूट.

आता दुधाचं बघू. एका पेल्यात, म्हणजे 200 मिलिलिटर दुधात, कर्बोदकं असतात जेमतेम 10 ग्रॅम. अर्ध्या केळ्याएवढी. त्या शनिवारी तुम्ही दोन पेले दूध प्यायला असतात, तरी पंधराव्या किलोमीटरला जे झालं ते सोळाव्याला झालं असतं, एवढाच फरक.

पाय दगडासारखे होतात त्यामागचं कारण साधं आहे. स्नायूंमध्ये आणि यकृतात शरीर ग्लायकोजेन नावाची साखर साठवतं. वेगाने धावताना तीच आधी जळते. शनिवारी तुम्ही स्वतःचा सर्वोत्तम वेळ काढलात, म्हणजे साठा चांगलाच उपसलात. तो पुन्हा भरायला, पोटभर कर्बोदकं मिळाली तरी, दिवसभर लागतो. तुमच्या हातात शनिवारी सकाळी साडेसात ते रविवारी पहाटे सहा एवढा वेळ होता. त्यातले पाच तास गाडीत बसून गेले आणि उरलेले अर्धपोटी. विहिरीत झिरपा कमी आणि उपसा जास्त झाला की मोटर कोरडी चालते.

मी स्वतः दूध-तूप खाते. तरीही काही वर्षांपूर्वी माझं हेच झालं होतं. शनिवारी एक शर्यत, संध्याकाळी नात्यातलं लग्न, तिथे लोकांशी बोलण्यात जेवण राहिलं. रविवारी मी चौदाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसले. तेव्हा मला कुणी म्हणालं नाही की तू दूध पितेस म्हणून असं झालं. दूध सोडलेल्या माणसाच्या प्रत्येक सर्दीचं, प्रत्येक हुकलेल्या वेळेचं खापर दुधावर फुटतं. तुम्हीही ते खरं मानायला लागलात याचं मला वाईट वाटलं.

अर्थात, दूध सोडल्याने काहीच फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही. दुधाबरोबर गेली ती सोय. दहीभात, चहा-बिस्किट, ढाब्यावरचं पनीर, शर्यतीच्या खोक्यातलं सँडविच, घाईत पोटात ढकलायच्या सगळ्या गोष्टी एका फटक्यात बंद झाल्या आणि त्यांच्या जागी तुम्ही काहीच ठेवलं नाहीत. रोजच्या दिवशी हे निभावतं. दोन शर्यतींच्या शनिवार-रविवारी निभावत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नातला पाकिटांचा भाग मला दुधापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की रोज पहाटे उठून तुम्ही तीन डबे भरता, नवऱ्याचा एक आणि मुलांचे दोन. स्वतःच्या डब्याचा उल्लेखच नाही. तुम्ही कँटीनमध्ये जे चालेल ते खाता, आणि चालणारं काही नसेल तर पाकीट फोडता. तुम्ही ज्याला ढोंगीपणा म्हणता, तो मला कुठेच दिसला नाही. तीन माणसांसाठी रांधून दमलेली बाई चौथ्या माणसासाठी पाण्याची किटली लावते, एवढंच दिसलं. वासराकडे पाहून तुम्ही जे ठरवलंत, त्यात "आणि यापुढे प्रत्येक घास मी स्वतः शिजवीन" असं काही नव्हतं.

आणि तयार खाणं आपल्याला नवीन कुठे आहे? लहानपणीच्या गोष्टींत प्रवासाला निघालेल्याच्या शिदोरीत तहानलाडू-भूकलाडू असायचेच. दशम्या, चटणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, भडंग, हे सगळं 'उघडा आणि खा' याच जातीतलं. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वारकरी रोज मैलोन्‌मैल चालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतात. ते चालणं मुक्कामाच्या पंगतीवर उभं असतं. कुणीतरी आधी पुढे जाऊन चुली पेटवलेल्या असतात. शनिवार-रविवारच्या शर्यतीत तुमच्यापुढे जाऊन चूल पेटवणारं कुणी नाही, म्हणून ती तयारी शुक्रवारी रात्रीच व्हायला हवी.

पाकिटं खुशाल ठेवा, फक्त नीट वाचून घ्या. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध पावडर, तूप, लोणी सगळं बसतं. व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही नसलेल्या, पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2022 मध्ये वेगळे नियम आणले. त्यांचं चिन्ह आहे हिरवं 'व्ही' अक्षर आणि त्यावर छोटंसं पान. पण छोट्या उत्पादकांच्या बऱ्याच पाकिटांवर ते नसतं, म्हणून घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचायची सवय लावा. दूध असेल तर तिथे ते लिहावंच लागतं. उपमा, पोहे, खिचडी यांच्या तयार पाकिटांत तूप निघतं ते इथेच कळतं. एनर्जी जेल, म्हणजे धावताना चोखायची साखरेच्या पाकाची पुडी, घेणार असाल तर त्यात मध आहे का ते पाहा. जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं असतं, तेही लक्षात असू द्या. अशा पाकिटाची दुसरी अडचण म्हणजे त्याचा आकार. एका कपात साधारण 50-60 ग्रॅम कोरडा पदार्थ असतो. चार वाजताची भूक मारायला तो पुरे, शर्यतीनंतरचं जेवण म्हणून अगदीच तोकडा. शर्यतीनंतर दोन कप खा आणि वर दोन केळी.

याहून बरं म्हणजे घरचं पाकीट. रविवारी दुपारी अर्ध्या तासात महिन्याचं होतं. रवा तेलावर खमंग भाजायचा, त्यातच मोहरी, कढीपत्ता, हिंग, सुकं खोबरं आणि डाळं घालायचं, मीठ-साखर टाकून गार झालं की बरणीत भरायचं. आयत्या वेळी वाटीभर मिश्रणावर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवा. रवा बारीक घ्या, जाडा कच्चा राहतो. पोह्यांचंही असंच, पातळ पोहे आणि मेतकूट. हॉटेलच्या खोलीत किटली असते किंवा मागितली तर मिळते, आणि थर्मास तुमच्याकडे असेलच. लिंबू सोबत ठेवा. पोह्यांतलं लोह त्याने जास्त चांगलं शोषलं जातं. त्यावर लगेच चहा-कॉफी नको, ती हेच शोषण अडवते. शनिवारची तुमची काळी कॉफी तासाभराने चालली असती.

शर्यतीच्या आदल्या दिवसासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते आपलं उपवासाचं खाणं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तुम्ही कधी गेला असाल, तर उपवास करून वीसेक किलोमीटर चालणारे लोक वाटेत काय खातात ते आठवा. रताळं, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, केळी, शेंगदाण्याची चिक्की. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅमच्या वर कर्बोदकं आणि चोथा नगण्य. रोजच्या आहारासाठी हा अवगुण, पण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हाच गुण, कारण दुसऱ्या दिवशी पोट गडबडत नाही. खिचडी तेलावर करा, दाण्याचं कूट नेहमीच्या निम्मं घाला आणि तेल बेताचं. उकडलेल्या बटाट्याला मीठ लावून डब्यात टाका. राजगिऱ्याचा लाडू विकत घेताना मात्र विचारा, काही ठिकाणी त्यात तूप असतं.

इथे एक गोष्ट उलटी करावी लागते आणि व्हीगन मंडळींना तीच जड जाते. एरवी आपण भाकरी, कडधान्यं, पालेभाज्या, सालासकट फळं खातो. तब्येतीला ते उत्तमच. पण चोथा पोट लवकर भरतो आणि कर्बोदकं पुरेशी जाण्याआधीच हात थांबतो. तुमची शनिवारची भाकरी-मेथी इतर कुठल्याही दिवशी आदर्श जेवण आहे. त्या शनिवारी साधा पांढरा भात, पातळ वरण आणि बटाटा हवा होता, आणि तोही दोनदा वाढून.

आता फेब्रुवारीचा शनिवार. शर्यत संपल्यापासूनचे पहिले चार तास सोन्याचे. दोन दमवणाऱ्या व्यायामांमध्ये आठ तासांहून कमी वेळ असेल, तर पहिल्या चार तासांत दर तासाला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घ्यावीत, असं तेच निवेदन सांगतं. तुमच्या हातात वेळ त्याहून जास्त आहे, पण डिसेंबरची तूट पाहता तुम्हीही हाच हिशेब धरा, तासाला 55 ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं. प्रत्यक्षात ते एक केळं आणि चार-पाच खजूर, किंवा दोन वाट्या पोहे. धावणं संपवून बूट काढायच्या आधी पहिला हप्ता पोटात गेला पाहिजे, म्हणून डबा पिशवीच्या सगळ्यात वर ठेवा. त्याबरोबर 15-16 ग्रॅम प्रथिनं हवीत. डाळ्याच्या पिठात गूळ आणि पाणी घालून बाटलीत हलवलं, सोबत मूठभर शेंगदाणे खाल्ले, की ती गरज भागते. सोया दूध आवडत असेल तर दोन पेले पुरतात. सोया वड्या शंभर ग्रॅममागे 50 ग्रॅम प्रथिनं देतात, पण शर्यतीच्या शनिवारी त्यांनी पोटात गॅस धरला तर पंचाईत. त्या आठवड्यात इतर दिवशी खा.

त्या शनिवारी घरचा स्वयंपाक तुम्ही करायचा नाही. बाहेरून मागवा, नवऱ्याला सांगा, थोरल्या मुलाला कुकर लावायला शिकवा. हे मी आग्रहाने सांगते आहे, कारण तुमच्या कागदावर नऊ ते दोन एवढा काळ रिकामा आहे. पाच तास तुम्ही ओट्यापाशी उभ्या होतात आणि तुमच्या पोटात काही नव्हतं. साठा भरायची सगळ्यात चांगली वेळ फोडण्या देण्यात गेली.

पुण्याच्या रस्त्यावर सिन्नरला एकदा आणि नारायणगावच्या आसपास एकदा उतरून पाच-दहा मिनिटं चाला, नुसत्या बसण्याने पोटऱ्या आखडतात. ढाब्यावर आपण संकोचतो आणि "मला काही नको" म्हणतो. त्याऐवजी काय हवं ते सांगा: साधा भात दोन प्लेट, तेलाच्या फोडणीची डाळ, बटर-तूप नको. कुठल्याही ढाब्यावर हे मिळतं. शेवभाजी, पिठलं, भरीत हेही सहसा तेलातच असतं, पण तिखट आणि तेलकट, म्हणून परतीच्या वाटेवर. रात्री हॉटेलवर सफरचंदाच्या जागी मेतकूट-भात खा. भात ढाब्यावरून बांधून घ्या, पण तासन्‌तास तसाच ठेवू नका. पहाटे शर्यतीच्या दीड तास आधी दोन केळी आणि गूळ लावलेली पोळी. हॉटेलचा नाश्ता तुम्ही धावायला लागल्यावरच उघडणार, त्याच्या भरवशावर राहू नका. रस्त्यात दर अर्ध्या तासाला दोन-तीन खजूर किंवा मूठभर मनुके, वर पाण्याचे दोन घोट. मनुके आपल्या नाशिकचे, शंभर ग्रॅममागे 75 ग्रॅमच्या वर कर्बोदकं असलेले. जेलच्या चौथ्या हिश्शाच्या किमतीत काम होतं. हे सगळं आधी सरावात करून पाहायचं. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालायचा नाही.

दोन-दोन शर्यती सोडाव्यात का, याचं उत्तर इतकं सरळ नाही. दोन्ही शर्यती जोर लावून धावायच्या असतील तर माझं मत आहे की सोडा, निदान यंदा. लागोपाठच्या शर्यतींचा मान जगात आहे. फ्लोरिडामध्ये दर जानेवारीत डोपी चॅलेंज होतं: गुरुवारी 5 किलोमीटर, शुक्रवारी 10, शनिवारी हाफ आणि रविवारी पूर्ण मॅरेथॉन, चार दिवसांत 78 किलोमीटर. पण ते पार पाडणारे बहुतेक जण पहिले तीन दिवस मुद्दाम सावकाश धावतात. शनिवारचा सर्वोत्तम वेळ आणि रविवारचाही, असं दोन्ही मागणं म्हणजे एकाच पगारात दोनदा दिवाळी करणं. फेब्रुवारीत शनिवारचे 10 किलोमीटर गप्पा मारता येतील अशा वेगाने धावा, नेहमीपेक्षा किलोमीटरला निदान मिनिटभर सावकाश. पदक तेवढंच जड असतं. त्याआधी दोन-तीन वेळा शनिवारी आठ आणि रविवारी सोळा किलोमीटर अशी जोडीची रपेट करा, सोमेश्वरच्या बाजूला किंवा गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, आणि तेव्हा हाच डबा, हीच वेळ पाळा. रविवारच्या रपेटीत शेवटचे चार किलोमीटर धड धावता आले नाहीत, तर फेब्रुवारीत रविवारची शर्यत तेवढी ठेवा आणि शनिवारी टाळ्या वाजवायला जा. भरलेले पैसे जातील, जाऊ देत.

इथे मला एक विचारावंसं वाटतं. डिसेंबरच्या शनिवारी एवढं जोरात का धावलात? तुम्ही पत्रात लिहिलं आहे की "सगळ्यांना दाखवायचं होतं". काय दाखवायचं होतं? दूध न पिता वेगात धावता येतं, हे? ते दाखवून झालेलं आहे, ताई. अमेरिकेचा लांब पल्ल्याचा धावपटू स्कॉट जुरेक 1999 पासून व्हीगन आहे आणि 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षं त्याने कॅलिफोर्नियातली 100 मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत जिंकली. तो पुरावा पुन्हा गोळा करायची जबाबदारी सातपूरला नोकरी करून तीन डबे भरणाऱ्या तुमच्यावर नाही. तुम्ही दूध सोडलंत ते एका वासरासाठी. तुमचा हाफ दोन तास दहाचा झाला काय आणि तीन तासांचा झाला काय, ते कारण जिथल्या तिथे आहे. उद्या तुम्ही धावणंच थांबवलंत तरी ते खोटं ठरत नाही. प्रत्येक शर्यत वादातला मुद्दा झाली की माणूस थकलेला असताना थांबत नाही, भूक लागलेली असताना सांगत नाही. मला वाटतं, ढाब्यावर तुम्ही भात मागितला नाहीत त्यामागेही हेच होतं. "बघा, हिचं किती अवघड आहे" असं कुणी म्हणू नये, म्हणून.

मात्र एका बाबतीत तुमच्या घरच्यांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. रक्ततपासणी करून घ्या, याच महिन्यात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि ड जीवनसत्त्व. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. ते ठीक असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं आणि पाय जड वाटतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2020 च्या शिफारशीनुसार पाळी सुरू असलेल्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे इथेही दूध बंद केल्याने काही हरवलेलं नाही, पण कमतरता असेल तर शोधायला हवी. बी-12 चं तसं नाही. ते वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही, दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही त्याची कमतरता सर्रास दिसते, आणि दूधही सोडल्यावर गोळी घेणं भागच आहे. त्या गोळीतलं बी-12 जीवाणूंपासून बनवतात, तुमच्या तत्त्वाला धक्का नाही. ड-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, म्हणून दगडफुलाच्या जातीच्या शैवाकापासून केलेलं ड-3 किंवा ड-2 द्या असं डॉक्टरांना सांगा. लोहाची गोळी तपासणीशिवाय सुरू करू नका. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, शिवाय तीळ. आणि पाळी पुढे जायला लागली किंवा बंद झाली, तर वयाचं कारण धरून गप्प बसू नका. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

राहिल्या सासूबाई. त्या रोज दूध-तुपाचं ऐकवतात, ते ऐकून तुम्ही खोलीत निघून जाता, असं लिहिलं आहे. मला त्यांच्या बोलण्यात टोमण्याइतकीच धास्तीही ऐकू येते. शेवटचे सहा किलोमीटर चालत आलेल्या सुनेचा चेहरा त्यांनी पाहिला आहे. त्यांच्या पिढीला प्रेम वाढायचं म्हणजे तूप वाढायचं, आणि ती वाट तुम्ही बंद केलीत. दुसरी उघडून द्या. "आई, तुमच्या हातचे तिळगुळाचे लाडू तुपाशिवाय वळतात ना? फेब्रुवारीत मला पंधरा लागतील" असं एकदा म्हणून बघा. तीळ आणि दाणे खमंग भाजून कुटले की स्वतःच्या तेलावर वळले जातात, हे त्यांना तुमच्या-माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. मेतकूटही त्यांनाच दळून आणायला सांगा. प्रमाण विचारा, लिहून घ्या. वाद संपेल असं नाही, पण शर्यतीच्या सकाळी "लाडू घेतलास का?" असं विचारणारं घरात कुणीतरी असेल.

तर शुक्रवारी रात्री तीन डब्यांशेजारी चौथा डबा ठेवा, आणि तो आधी भरा. वरच्या कप्प्यात सोललेले उकडलेले बटाटे, मिठाची पुडी आणि अर्धं लिंबू. मधल्यात मेतकूट-पोहे. खाली सासूबाईंचे लाडू, खजूर, मनुके. डाळ्याच्या पिठाची बाटली वेगळी, झाकण घट्ट आहे ना ते पाहून. केळी पिशवीत सगळ्यात वर, नाहीतर चेपतात. आणि फेब्रुवारीनंतर पुन्हा एक कागद पाठवा, असाच वेळेसकट. नऊ ते दोनच्या रकान्यात काय लिहिलं आहे, ते मी सगळ्यात आधी वाचेन.